सरकलं की होतं

आता तुम्हीच सांगा, गाडीत माणसं किती बसतात, हा काय विचारायचा प्रश्न आहे? माणसं मावतात! जेवढी येतील तेवढी मावतात! आपल्याकडे सीट काय कारखान्यात तयार होतं? सीट म्हणजे 'थोडं सरका' म्हटल्यावर जे तयार होतं ते! रावेरपासून चोपड्यापर्यंत कोणालाही विचारा, काळ्या-पिवळीत मागं किती बसतात... तर म्हणेल, रस्त्यावर अजून कोण उभं आहे त्यावर आहे. ड्रायव्हर स्वतः दारातून अर्धा बाहेर, क्लीनर टपावर, आणि तरी कोणी हात दाखवला की गाडी थांबणार, आणि आतून एखादी म्हातारी म्हणणार, "या बापा, या, सरकलं की होतं." सरकलं की होतं! साऱ्या खानदेशाचा कारभार या एका वाक्यावर चाललाय, आणि आमच्या हेमराजनं, तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात एकदा भारी गाडी घेतली, तर ती नेमकी अशी शोधून आणली की जिच्यात सरकताच येत नाही!

हेमराज म्हणजे आमचा शेजारी. जळगावात पिंप्राळ्याला घर, यावलकडे केळीच्या बागा. माणूस सरळ. कोणाशी भांडण नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकच दुखणं... व्याही. धुळ्याचे रुपचंदशेठ. आता व्याही वाईट आहेत का? अजिबात नाही. पोरीला लेकीसारखं ठेवलंय. पण लग्नात एक गोष्ट झाली, आणि ती हेमराजच्या घशात जी अडकली ती अडकलीच.

झालं काय, की गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेल्यावर हेमराजच्या मोनालीचं लग्न धुळ्याला, त्यांच्या दारी. बाकीचं वऱ्हाड बसनं पुढं गेलेलं. घरची म्हणून जी जवळची माणसं होती, ती हेमराजच्या बागेतल्या जुन्या जीपमध्ये. मंडपासमोर जीप थांबली, बँड वाजतोय, रुपचंदशेठ नारळ घेऊन स्वागताला उभे, आणि आम्ही उतरायला लागलो. पाच उतरले. सहा उतरले. रुपचंदशेठ आधी नुसते हसत होते, मग त्यांनी बोट वर केलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. आठ... नऊ... दहा झाल्यावर बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं, कारण त्यांनाही बघायचं होतं. तेरावा मी. मागच्या स्टेपनीवरून, पाठमोरा. चौदाव्या कुंदाआत्या, त्या पुढंच बसल्या होत्या खरं तर, पण त्यांच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. झालं! रुपचंदशेठांनी जीपमध्ये डोकं घातलं, आत वाकून बघितलं आणि भर मंडपाला ऐकू जाईल असं विचारलं, "आखो शेतस का भो, का बठ्ठा उतरनात?" म्हणजे, अजून आहेत का भाऊ, की सगळे उतरले?

मंडप हसला. आम्ही हसलो. हेमराज पण हसला. पण मी शेजारी उभा होतो, मला दिसलं, त्याचे कान लाल झाले होते.

बरं, एकदा थट्टा झाली, संपली, असं असावं की नाही? नाही! पुढं वर्षभर फोन आला की तेच. पाऊस कसा आहे, केळी कशी आहे, आणि शेवटी... "कधी येता? कितला जन उतरतीन, भो?" आणि ठेवला फोन. दर वेळी! हेमराज फोन खाली ठेवायचा, दोन मिनिटं ओट्यावर बसून राहायचा आणि कोणाला तरी उगाच ओरडायचा. बहुतेक वेळा मीच असायचो तिथं.

आणि मग आली आखाजी. मोनालीची पहिली आखाजी. आता आपल्याकडे आखाजी म्हणजे दिवाळी मागं सर. सासुरवाशीण माहेरी येणार, निंबाच्या झाडाला झोका बांधणार, आमरस, सांजोऱ्या, गौराईची गाणी. आणि तिला आणायला माहेरचं कोणीतरी गेलंच पाहिजे, तो मुराळी. भाऊ जातो, काका जातो. मोनालीला भाऊ नाही. तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, दुसऱ्या कोणाला पाठवू नका. तुम्हीच या. मला खूप सांगायचंय."

आता एवढ्या वाक्यातलं माणसानं काय ऐकावं? 'मला खूप सांगायचंय' हे ऐकावं की नाही? हेमराजनं ऐकलं, 'तुम्हीच या'. आणि त्याच्या डोळ्यांपुढं धुळ्याचं ते फाटक आलं, फाटकात रुपचंदशेठ आले, त्यांचं वर केलेलं बोट आलं... आणि त्यानं मला सांगितलं, "या वेळी जीप नाही. या वेळी अशी गाडी, की मोजायला सुरुवात केली आणि संपलंच."

अजिंठा चौफुलीच्या पुढं अमीनशेठांचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. माणूस असा, की गिऱ्हाइकाला आधी गाडीतले दोष दाखवतो आणि मग चहा पाजतो. त्यांच्याकडे दोन जर्मन गाड्या उभ्या होत्या. एकच मॉडेल, एकच साल, दोन्ही पांढऱ्या, एका डॉक्टरनं आणि त्याच्या भावानं मिळून घेतलेल्या. फरक एवढाच, की एक साधी आणि एक फुल ऑप्शन. साधीला मागं सलग बाकडं, काळी सीटं, बाकी काही नाही. गुमान जाते, गुमान येते. अमीनशेठ म्हणाले, "हेमराजभाऊ, एक बात सांगू? जुनी मोठी गाडी घेताना तिच्यात काय काय आहे, ते बघू नका. काय काय नाही, ते बघा. जे नाही, ते बिघडत नाही."

किती शहाणं वाक्य! मी म्हटलं, झालं, इथंच व्यवहार करा, चहा प्या, घरी चला. हेमराज म्हणाला, "ती पलीकडची दाखवा."

पलीकडची उघडली... आणि काय सांगू तुम्हाला! छताला काच. बटण दाबलं की छत मागं जातं आणि वर आभाळ. जळगावात! अहो, आमच्याकडे शिमगा झाला की माणूस कूलरला नवा वाळा भरतो, गच्चीला चुना मारतो, खिडक्यांना गोणपाट बांधतो, सूर्याला बाहेर ठेवण्यासाठी आख्खं गाव राबतं, आणि हा गृहस्थ त्याला आत घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला तयार! मग दिवे. दाराच्या कडेनं दिव्यांची पट्टी, बटण दाबलं की निळी, परत दाबलं की जांभळी, परत दाबलं की गुलाबी. कशासाठी? तर कशासाठीच नाही. हेमराजनं ते बटण दहा वेळा दाबलं.

सीटं क्रीम रंगाची. मऊ कातडं. अमीनशेठ हळूच म्हणाले, "भाऊ, रंग नाजूक आहे. आणि तुमचा धंदा केळीचा." आता केळीचा चीक काय चीज आहे, तुम्हाला माहीत आहे? कपड्याला लागला की काळा डाग, आणि मग कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. आमच्याकडे माणूस कोणत्या बागेतून आला ते सदरा बघून सांगता येतं. पण सुनंदावहिनी, म्हणजे हेमराजची बायको, लगेच म्हणाल्या, "त्यात काय, मी जुनी लुगडी अंथरीन." म्हणजे क्रीम सीटसाठी फुल ऑप्शन घ्यायची आणि क्रीम सीटं कोणाला दिसू द्यायची नाहीत. अंथरली हो त्यांनी लुगडी! त्या दिवसापासून ते कातडं आजतागायत कोणी पाहिलेलं नाही.

मग कुंदाआत्यांना मागं बसवलं. कुंदाआत्या म्हणजे हेमराजच्या आत्या, त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. त्या बसल्या, हेमराजच्या भाच्यानं, पितांबरनं, कुठलं तरी बटण दाबलं, आणि आत्या एकदम ताठ. "कोन ढोसू रायलं रे मले मांगून?" कोणी नाही आत्या, सीट आहे, सीट पाठ दाबून देतं. "कायले? म्या सांगितलं होतं का त्याले?" आणि त्या मागं वळून सीटकडे अशा बघायला लागल्या, की मला वाटलं आता त्याच्या कानाखाली देतात.

पण हेमराजचा जीव कशावर गेला, तर मागच्या दोन सीटवर. हो, दोनच! मागं बाकडं नाही, दोन वेगळी सिंहासनासारखी सीटं, आणि त्या दोघांच्या मध्ये एक लाकडी कपाट, कपाटात थंड पाण्याचा फ्रीज, वर कप ठेवायला गोल खळगे. मागच्या काचेला बटणावर वर-खाली होणारा पडदा. हेमराज एका सीटवर बसला, हात त्या कपाटावर ठेवला, पडदा वर केला आणि डोळे मिटले. मला कळलं, हा आत्ता धुळ्यात आहे.

अमीनशेठ बिचारे दार धरून उभे. म्हणाले, "भाऊ, घरात माणसं किती? कारण ही चारची आहे बरं का. मागं दोनच. मधलं हे पक्कं आहे, निघत नाही. फॅमिलीला ती साधीच बरी."

हेमराजनं डोळे उघडले. "अमीनशेठ," तो म्हणाला, "माझ्या गाडीतून माणसं कमी उतरली पाहिजेत. एवढंच पाहिजे मला."

"मग हीच घ्या," अमीनशेठ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणि हेमराज हसला, त्या कपाटावर थाप मारली आणि म्हणाला, "आणि लागलंच तर... सरकलं की होतं!" अमीनशेठांनी एकदा त्या कपाटाकडे बघितलं, एकदा हेमराजकडे बघितलं, आणि चहा सांगितला.

घेतली गाडी. आता चालवणार कोण? गाडीला क्लच नाही. हेमराजचा डावा पाय तीस वर्षं जीपचा क्लच दाबतोय, त्या पायाला कोण सांगणार? त्यानं आवारातच सवयीनं डावा पाय हाणला, तो पडला ब्रेकवर, आणि आम्ही सगळे समोरच्या काचेला नमस्कार करून आलो. तेव्हा ठरलं, भाचा पितांबर चालवणार, तो पुण्याला कंपनीच्या साहेबाची अशीच गाडी चालवायचा. हेमराजनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी निघाले. लिंबू चाकाखाली मी ठेवलं, नारळ मी फोडला. मला वाटलं होतं, मला पण चल म्हणेल. पण नाही, कमी माणसं उतरली पाहिजेत ना! तर गेलं कोण? पितांबर चालवायला. पुढं कुंदाआत्या, कारण आत्यांनी सांगितलं, "त्या व्याह्यानं मले चौदावी मोजली व्हती, आता पहिली मोजू दे." मागं हेमराज आणि सुनंदावहिनी, मध्ये फ्रीज. किती झाले? चार. गाडी किती जणांची? चारची. आणि आणायचं कोणाला होतं?

बघा! तुम्हाला बसल्या जागी कळलं! आम्हाला नाही कळलं. आख्खी गल्ली हात हलवत उभी होती, शिकलेली माणसं होती त्यात, दोन तर मास्तर होते, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? गाडीत जाताना माणसं मोजायची, ही सवयच नाही आपल्याला. सरकलं की होतं!

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण पितांबरनं सांगितलं, वहिनींनी सांगितलं, आणि हेमराजनं काही न बोलता जेवढं सांगितलं तेवढं कळलं.

धुळ्यात गाडी फाटकाशी थांबली. रुपचंदशेठ भावांना घेऊन उभे. दार उघडलं. कुंदाआत्या उतरल्या, पहिल्या. मग पितांबर. मग वहिनी. मग दम खाऊन, पडदा खाली करून, सावकाश, हेमराज. रुपचंदशेठांचं बोट वर गेलं होतं, ते चारावर थांबलं. ते गाडीत वाकून बघायला लागले. आत कोणी नाही. नुसता फ्रीज. "चारच?" ते म्हणाले. "चारच," हेमराज म्हणाला. बस्स! एवढ्या दोन शब्दांसाठी त्यानं वर्ष काढलं होतं.

आणि रुपचंदशेठांनी गाडीचं मनापासून कौतुक केलं हो! हात फिरवून बघितली, छत उघडून बघितलं, लगेच बंद केलं. म्हणाले, "व्याही, आम्हाला नाही जमायचं हे. आमच्या घरी माणसं फार." हेमराजनं मान डोलावली, मोठेपणानं. जेवायला बसल्यावर त्यानं रसाच्या वाट्या किती रिचवल्या ते विहीणबाई अजून सांगतात. मोनाली वाढत होती. वाढता वाढता हळूच म्हणाली, "पप्पा, गाडीत सांगते तुम्हाला सगळं." तो म्हणाला, "सांग की! ऐसपैस सांग."

ऊन कलल्यावर निघायची वेळ झाली. मोनालीची ओटी भरली. विहीणबाईंनी घरातलं मांडे भाजायचं खापर बाहेर आणलं, मातीचं, रोजच्या वापरानं तयार झालेलं. म्हणाल्या, "सूनबाई मांडे करायला शिकली बरं का याच्यावर. नवं खापर ऐकत नाही, हेच न्या. वडलांना करून घालू दे." हेमराजला काय वाटलं असेल? ज्या पोरीला पोळी गोल लाटता येत नव्हती, ती मांडे करणार होती, त्याच्यासाठी. वहिनी म्हणतात, हेमराजनं डोळे पुसले आणि चष्म्यावर धूळ आहे असं सांगितलं.

पितांबर बसला. आत्या बसल्या. वहिनी बसल्या. हेमराज बसला. रुपचंदशेठांनी दार लावायला धरलं. आणि दाराबाहेर, हातात खापर घेऊन, मोनाली उभी.

सगळे एकदम बोलले, "सरका थोडं!" वहिनी सरकल्या, कंबर फ्रीजला लागली. हेमराज सरकला, त्याचं कोपर कपच्या खळग्यात गेलं. परत सरकले. परत फ्रीज! हेमराज म्हणाला, "पितांबर, हे काढ." पितांबर म्हणाला, "मामा, हे निघत नाही." मोनालीला म्हणाले, वर बस या कपाटावर, तर ती बसताच आतला दिवा लागला आणि फ्रीजमधून घरघर यायला लागली. पुढं आत्यांजवळ बसवून बघितलं, तर ते सीट दोन्ही बाजूंनी वर आलेलं, एका माणसाच्या मापाचं. त्यात आत्यांचंच माप जरा जास्त. आत्या म्हणाल्या, "म्या कुठं सरकू बापा? हे मले धरून बसलं!" मागं जीपमध्ये चौदा माणसं आली होती, तुम्हाला सांगतो, आणि त्यात एक पंधरावी पोर सहज आली असती, कोणी मोजलंही नसतं!

आणि इथं रुपचंदशेठ बोलले. थट्टा नाही हो, अगदी मनापासून. "व्याही, आमची मोठी गाडी शे ना. बठ्ठा बसतीन. मी स्वतः सोडतो."

आता सांगा! होकार दिला असता, तर काय झालं असतं? जळगावात व्याह्यांच्या गाडीतून उतरले असते, मागून स्वतःची गाडी रिकामी आली असती. हेमराज गाडीतून खाली उतरला, धोतराची... म्हणजे पँटचीच, पण धोतर असल्यासारखी घडी नीट केली आणि म्हणाला, "छे छे, मोनाली बसेल ना माझ्या जागी. मला तसंही धुळ्यात काम होतं."

"काय काम?"

"ते... ठिबकच्या नळ्या बघायच्यात."

"आज? आज ऐतवार, दुकानं बंद शेतस."

"बाहेरून बघीन," हेमराज म्हणाला.

रुपचंदशेठांनी आपली स्कूटर काढली, हेमराजला मागं बसवलं आणि न विचारता सरळ यस्टी स्टँडवर नेऊन सोडलं. वाटेत थट्टा नाही, मोजणं नाही, काही नाही. हेमराज नंतर म्हणाला, "अरे, त्यांनी मोजलं असतं तरी चाललं असतं."

स्टँडवर काय गर्दी! आखाजीची! प्रत्येक गाडीत मुराळी, प्रत्येक मुराळ्याबरोबर लेक नाहीतर बहीण, डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, कडेवर पोर. जळगावच्या गाडीत हेमराज कसाबसा चढला, उभा राहिला, तर एका बाईनं लगेच म्हटलं, "बसा ना भाऊ, सरकतो आम्ही थोडं." आणि सरकले! तिघांच्या सीटवर चार होते, पाच झाले. त्याच्यापुढं एक पोरगा बहिणीला घेऊन चालला होता. ती लिमलेटच्या गोळ्या खात त्याला सांगत होती. सासू काय म्हणाली, नणंद काय म्हणाली, कोणत्या दिवशी रडू आलं, कोणत्या दिवशी हसू आलं. तो हूं हूं करत होता, अर्ध्या डोळ्यानं झोपत होता. हेमराजला वाटलं, लेका, नीट ऐक! या गोष्टी ऐकायला मी गाडी घेतली! आणि त्याला इतकं वाईट वाटलं, की तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

फागण्याच्या पुढं त्याच्या शेजारून एक पांढरी गाडी गेली. अलगद, आवाज न करता. त्याचीच. त्यानं हात वर केला, पण आत कोण कसं बसलंय ते दिसेना. मागचा पडदा वर होता.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरण्याआधी माणसं चढायला लागली, तसं हेमराजनं पाय आखडून घेतले. आणि गर्दीतून आवाज आला, "पप्पा, सरका थोडं."

मोनाली! तिच्यामागं पिशवी घेऊन सुनंदावहिनी! हेमराज सरकला, शेजारची बाई सरकली, खिडकीजवळची म्हातारी सरकली, पाचाचे सात झाले, कसे झाले विचारू नका. तो म्हणाला, "अगं, ती गाडी? ती जागा? पाय पसरायला एवढी..." मोनाली म्हणाली, "पप्पा, तुमचा हात दिसला म्हणून इथं थांबलो. गाडीत आई तिकडे, मी इकडे, मध्ये फ्रीज. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. आणि ओरडलं की गाडीच्या स्पीकरमधली बाई इंग्रजीत म्हणते, माफ करा, मला समजलं नाही. मी आईला सासूबाईंचं सांगतेय आणि ही मध्येच विचारते, कुठं जायचंय?" कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला, बाहेर उभ्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, त्या गाडीतून उतरून यस्टीत?" वहिनी म्हणाल्या, "हो. आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, दोन अर्धी द्या." मग पारोळा ते जळगाव, एरंडोल गेलं, पाळधी गेली, मोनाली बोलत होती. हेमराज एक मिनिट झोपला नाही.

आता इकडे आमच्या गल्लीचं ऐका. आम्ही सगळे दारात. बायका भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या, पहिल्या आखाजीची लेक यायची म्हणून. पोरांनी निंबाला झोका बांधलेला. गाडी आली! काय दिसत होती! थांबली. पितांबर उतरला. आम्ही मागचं दार उघडलं... आणि आत, लुगड्यावर, पट्टा बांधून बसलेलं, एक खापर! मी पितांबरला म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "पट्टा बांधला नाही तर गाडी टुणटुण करते." दुसरं सीट रिकामं. आम्ही सगळे त्या खापराकडे बघतोय आणि पुढचं दार उघडून कुंदाआत्या उतरल्या, दोन तास पाठ दाबून घेऊन, ताठ. तांब्यावाल्या बायकांसमोर उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "टाका ओवायून." काय करणार? टाकलं!

अर्ध्या तासानं रिक्षा आली. हेमराज, वहिनी, मोनाली, आणि स्टँडवर भेटलेली दोन माणसं, पिंप्राळ्याचीच होती, म्हणून घेतली. सगळे उतरले आणि ओट्यावरच्या एका बाजेवर दाटीवाटीनं बसले. मोनालीचं अजून संपलं नव्हतं. आम्हीही सरकून बसलो.

तेवढ्यात हेमराजचा फोन वाजला. धुळ्याहून. तो घेऊ की नको करत होता, मोनालीनंच बटण दाबून त्याच्या कानाला लावला. एवढा मोठा आवाज रुपचंदशेठांचा, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "पोचनात का, व्याही?" पोचलो. आणि मग सवयीनं निघून गेलं हो त्यांच्या तोंडून, मुद्दाम नाही, "कितला जन उतरनात?"

हेमराजनं पांढऱ्या गाडीकडे बघितलं. मग बाजेवर त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"दोन," तो म्हणाला. "आणि एक खापर."

"आन् बाकीना?"

"बाकीचे मागून आले," हेमराज म्हणाला. "यस्टीनं."